दोन पंचांच्या बेसबॉल सामन्यात बेस अंपायरने कुठे उभे राहावे आणि केव्हा धावावे

बेसबॉलच्या मैदानावर बेस चार असतात, पण शाळांच्या, क्लबांच्या आणि मुलांच्या लीगच्या बहुतेक सामन्यांना पंच दोनच मिळतात. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये १९५२ पासून नियमित सामन्यांना चार पंच असतात आणि वर्ल्ड सिरीजला सहा. तिथे पहिल्या बेसचा पंच पहिल्या बेसजवळच राहू शकतो. दोन पंचांच्या सामन्यात एक जण, म्हणजे प्लेट अंपायर, होम प्लेटवर कॅचरच्या (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या) मागे उभा राहतो आणि उरलेले तिन्ही बेस प्रामुख्याने दुसऱ्याच्या, म्हणजे बेस अंपायरच्या, अंगावर पडतात. मोठ्या मैदानावर दोन बेसमधील अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते, आणि होम प्लेटपासून दुसरा बेस १२७ फुटांहून थोडा लांब असतो. एवढ्या जागेत एका माणसाने सगळीकडे वेळेवर पोहोचणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. प्रत्येक चेंडूपूर्वी अशी जागा घ्यायची की पुढे काहीही घडले तरी दोनचार पावलांत योग्य कोन मिळावा, हे त्याचे खरे काम आहे.

ज्यांना नियम माहीत आहेत पण बेसवर पंच म्हणून उभे राहण्याचा सराव नाही, अशांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. अमेरिकेत मुलांच्या लीगला स्वयंसेवक म्हणून उभे राहणारे मराठी पालक आणि भारतात शालेय व विद्यापीठ पातळीवर बेसबॉलची पंचगिरी करणारे क्रीडाशिक्षक, या दोघांनाही ते उपयोगी पडावे. खालील वर्णन ९० फुटी मैदान गृहीत धरून केले आहे. लहान मुलांच्या ६० फुटी मैदानावर काही गोष्टी अगदी उलट कराव्या लागतात, त्यांचा विचार शेवटाकडे केला आहे.

जवळ जाण्यापेक्षा कोन महत्त्वाचा

बेसवरच्या प्रत्येक निर्णयात चेंडू, क्षेत्ररक्षक, धावपटू आणि बेस या चार गोष्टी एकत्र येतात. निर्णयाच्या क्षणी या चारही गोष्टी मान न वळवता एका नजरेत मावत असतील, तर जागा योग्य आहे. यांपैकी एक जरी दुसरीच्या आड गेली, तर पंच कितीही जवळ उभा असला तरी तो अंदाजच करत असतो. नवख्या पंचाची सहज प्रवृत्ती मात्र बेसकडे धावत सुटण्याची असते, कारण जवळून चांगले दिसते असे आपण धरून चालतो.

फोर्स प्लेमध्ये, म्हणजे क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात ठेवून नुसता बेसला पाय लावायचा असतो तेव्हा, बेसपासून १५ ते १८ फुटांवर आणि फेकीच्या रेषेशी शक्य तितक्या काटकोनात उभे राहावे. क्षेत्ररक्षकाचे शरीर ताणलेले असते, ग्लव्ह वर किंवा पुढे असतो आणि पाय खाली बेसवर असतो. एवढ्या अंतरावरून ही दोन्ही टोके एकत्र दिसतात. टॅगचे, म्हणजे चेंडू धरलेला ग्लव्ह धावपटूच्या अंगाला लावून त्याला बाद करण्याचे, तसे नाही. तिथे ग्लव्ह धावपटूच्या अंगाला लागला की नाही, हे बोटभर फटीवर ठरते, म्हणून १० ते १२ फुटांपर्यंत पुढे जावे आणि धावपटू व ग्लव्ह यांच्यामधली फट आपल्याला उघडी दिसेल अशा बाजूला उभे राहावे. क्षेत्ररक्षकाच्या पाठीमागून टॅग पाहणे म्हणजे बंद दारामागचे भांडण ऐकून निवाडा करण्यासारखे आहे.

क्रिकेट पाहिलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. धावबादची शक्यता दिसताच गोलंदाजाच्या टोकाचा पंच यष्ट्यांमागून बाजूला पळतो आणि क्रीजच्या रेषेत येतो. मात्र क्रीजची रेषा कायमची आखलेली असते, तर बेसबॉलमध्ये फेकीची रेषा दर चेंडूला बदलते आणि तिच्यासोबत पंचाची योग्य जागाही बदलते.

अंतराच्या मुद्द्यावर १९८५ च्या वर्ल्ड सिरीजमधील सहावा सामना प्रत्येक बेस अंपायरने लक्षात ठेवण्यासारखा आहे. २६ ऑक्टोबरला कॅन्सस सिटीत नवव्या डावात सेंट लुइस कार्डिनल्स १-० ने पुढे होते. पहिल्या बेसमनने, म्हणजे जॅक क्लार्कने, जमिनीवरचा चेंडू उचलला आणि बेसवर धावत आलेल्या टॉड वॉरेल या पिचरकडे (बॅटरला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूकडे) टाकला. पहिल्या बेसचे पंच डॉन डेंकिंगर यांनी बॅटर होर्हे ऑर्टाला सेफ, म्हणजे नाबाद, ठरवले. चित्रफितीत तो आउट असल्याचे स्पष्ट दिसते. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ ने आणि पुढचा ११-० ने जिंकला. डेंकिंगर यांनी नंतर कारण सांगितले ते असे, की वॉरेल उंच होता, फेक वर आली, त्यामुळे ग्लव्ह आणि पाय एकाच वेळी पाहता आले नाहीत, आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात चेंडू ग्लव्हमध्ये शिरल्याचा आवाजही ऐकू आला नाही.

दुसरी प्रसिद्ध चूक २ जून २०१० ची. डेट्रॉइटचा पिचर आर्मांडो गालारागा याने क्लीव्हलँडचे २६ बॅटर ओळीने बाद केले होते आणि परफेक्ट गेमला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही बेसवर न पोहोचू देता संपणाऱ्या सामन्याला, एकच बॅटर उरला होता. पहिला बेसमन मिगेल काब्रेरा याने चेंडू उचलून बेसवर आलेल्या गालारागाकडे फेकला, धावपटू स्पष्टपणे आउट होता, आणि पहिल्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी सेफची खूण केली. सामन्यानंतर चित्रफीत पाहून त्यांनी चूक उघडपणे कबूल केली. या दोन घटना एकत्र पाहिल्यावर मला जाणवते ते हे, की दोन्ही वेळा चेंडू पहिल्या बेसमनने उचलला होता आणि बेसवर पिचर आला होता. त्यावेळी पिचर स्वतः धावत असतो, पाय कुठे पडेल याचा नेम नसतो, फेक कधी जवळून आणि हळू येते, आणि नेहमीचा फटकन होणारा आवाज तिला नसतो. अशा चेंडूसाठी नेहमीची सवय पुरत नाही. त्याविषयी पुढे सांगतो.

बेस रिकामे असताना: ए जागा

एकाही बेसवर धावपटू नसेल तेव्हा बेस अंपायरने पहिल्या बेसच्या मागे, फाउल लाइनच्या (होम प्लेटपासून पहिल्या किंवा तिसऱ्या बेसवरून पुढे जाणाऱ्या रेषेच्या) बाहेर उभे राहावे. पहिल्या बेसमनपासून किमान १० ते १२ फूट मागे राहावे. तो खोल उभा असेल तर आपणही तेवढेच मागे सरकावे. दोन्ही पाय पूर्णपणे फाउल भागात आणि छाती होम प्लेटकडे असावी. पिचरने फेकीची तयारी सुरू केली की गुडघे वाकवून हात मांड्यांवर किंवा गुडघ्यांवर ठेवावेत. हाताची घडी घालून किंवा खिशात हात घालून उभा असलेला पंच पहिले पाऊल नेहमी उशिरा टाकतो. या जागेवरून पहिल्या बेसच्या पुढच्या कडेपासून मागे पडणारा चेंडू फेअर (रेषेच्या आत) की फाउल (रेषेबाहेर), हा निर्णयही बेस अंपायरचाच असतो. त्याअलीकडचा प्लेट अंपायरचा.

इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, जमिनीवरून चेंडू गेला की पंचाने फेअर भागात काही पावले घ्यावीत. किती आत जायचे, हे चेंडू कोणी उचलला यावर ठरते. तिसऱ्या बेसमनकडून येणारी फेक मैदान तिरके कापत येते, म्हणून तिच्याशी काटकोन साधण्यासाठी बरेच आत जावे लागते. फाउल लाइनशी ४५ अंशांचा कोन ही त्याची मर्यादा. शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडून) येणाऱ्या फेकीला त्याहून कमी आत गेले तरी पुरते. दुसऱ्या बेसमनने, विशेषतः त्याच्या डावीकडे सरकत, चेंडू उचलला असेल तर आत शिरूच नये. तिथे काटकोनाची जागा फाउल बाजूलाच येते, आणि आत शिरणारा पंच फेकीच्या वाटेतही येतो. थोडक्यात, चेंडू जितका तिसऱ्या बेसच्या बाजूला, तितके आपण आत. जितका पहिल्या बेसच्या बाजूला, तितके आपण बाहेर.

जागा पकडल्यावर डोळ्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. क्षेत्ररक्षकाच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत त्याच्याकडेच पाहावे, कारण फेक सरळ आहे की वाकडी, उंच आहे की खाली, हे त्या पहिल्या क्षणातच कळते. फेक सरळ दिसली की नजर बेसवर न्यावी, धावपटूचा पाय बेसला लागताना पाहावा आणि चेंडू ग्लव्हमध्ये शिरल्याचा आवाज कानांनी टिपावा. चेंडूमागोमाग नजर नेली तर पाय कधी पडला हे कळत नाही. फेक वाकडी असेल तर हा क्रम सोडून द्यावा. मग प्रश्न आवाजाचा राहत नाही. बेसमनचा पाय उचलला गेला का, किंवा तो बाजूला येऊन धावपटूला टॅग करतो आहे का, हे पाहण्यासाठी फेक ज्या दिशेने त्याला ओढते त्यानुसार एक-दोन पावले सरकावे. बेस रिकामे असताना प्लेट अंपायर बॅटरच्या मागोमाग पहिल्या बेसच्या दिशेने थोडे वर येतो. पाय उचलला गेल्याबद्दल शंका असेल तर त्याची मदत घेता येते, पण ती कशी मागायची हे दोघांनी सामन्यापूर्वी ठरवून ठेवावे.

आता पिचर बेसवर येतो तो चेंडू. पहिल्या बेसमनने बेसपासून दूर चेंडू उचलला आणि पिचर माऊंडवरून, म्हणजे त्याच्या उंचवट्यावरून, निघाला असे दिसताच, पंचाने फाउल लाइनच्या आसपास फाउल बाजूला राहावे आणि पुढे धावण्याऐवजी असलेले अंतर राखावे. वेळ असेल तर एखादे पाऊल मागेच घ्यावे. फेक हळू असेल तर कानांवर विसंबू नये. पिचरचा ग्लव्ह आणि त्याचा बेसवर पडणारा पाय ही दोन्ही टोके डोळ्यांनीच पकडायची असल्यामुळे चौकट मोठी हवी, आणि मोठी चौकट अंतरानेच मिळते. पिचरला बेस सापडला का, त्याने चेंडू पक्का धरला का आणि धावपटूचा पाय कधी पडला, असे तीन प्रश्न इथे एकदम उभे राहतात, त्यामुळे खूण करण्यापूर्वी मनात ते चित्र एकदा पुन्हा पाहून घेणे परवडते. अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने कोणी पंचाला दोष देत नाही.

यावरून सर्वांत साध्या आणि सर्वांत जास्त मोडल्या जाणाऱ्या नियमाकडे येतो. निर्णयाच्या क्षणी पंच थांबलेला असावा. धावणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरचे चित्र हलत असते, आणि हलत्या चित्रात पाय आधी की चेंडू आधी हे कळत नाही. ठरवलेल्या जागेपर्यंत पोहोचणार नाही असे दिसले, तर आहे तिथेच पाय रोवावेत. दहा फूट लांबून स्थिर उभे राहून पाहिलेले, जवळून धावता धावता पाहिलेल्यापेक्षा अधिक भरवशाचे असते.

आउटफिल्डकडे चेंडू गेला तर

चेंडू आउटफिल्डकडे, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानाकडे, उंच उडाला की लगेच धावत सुटू नये. आधी क्षणभर थांबावे, मग क्षेत्ररक्षकांच्या हालचाली वाचाव्यात आणि नंतरच पाऊल उचलावे. चेंडूकडे टक लावण्यापेक्षा आउटफिल्डरकडे पाहिलेले बरे. तो आरामात दोन पावले सरकून थांबला तर झेल सोपा आहे आणि पंचाला बाहेर जाण्याचे कारण नाही. तो पाठ फिरवून कुंपणाकडे पळत असेल, पुढे झेपावत असेल, किंवा दोन-तीन क्षेत्ररक्षक एकाच जागेकडे धावत असतील, तर तो कठीण चेंडू समजावा. ए जागेवर असताना सेंटर फिल्डरच्या सरळ पुढे-मागे जाणाऱ्या चेंडूपासून उजव्या फाउल लाइनपर्यंतचा भाग बेस अंपायरचा असतो. सेंटर फिल्डरच्या त्या बाजूचा, म्हणजे डाव्या मैदानाचा, प्लेट अंपायरचा.

कठीण चेंडूसाठी बाहेर जायचे ठरले, तर ‘मी बाहेर जातो’ असे मोठ्याने सांगावे आणि मग परत फिरण्याचा विचार करू नये. तो शब्द ऐकल्यावर प्लेट अंपायर बॅटरची सर्व बेसवरची जबाबदारी स्वतःकडे घेतो. अर्ध्यातून माघारी येणारा पंच झेलही नीट पाहत नाही आणि बेसही सांभाळत नाही. वर जोडीदाराचाही गोंधळ उडवतो.

बाहेर जायचे नसेल तर आतल्या बाजूला फिरकी घ्यावी लागते. फाउल बाजूने पळत फाउल लाइन ओलांडून पहिल्या बेसच्या आतल्या बाजूला, बेसपासून दहा-पंधरा फूट आत शिरावे, मग पाय रोवून उजवीकडून वळावे, म्हणजे वळताना तोंड सतत आउटफिल्डकडे राहते आणि चेंडू नजरेआड होत नाही. वळून झाले की समोर पहिला बेस येतो. बॅटरचा पाय बेसला लागला का, आणि चेंडू हाती नसताना पहिला बेसमन त्याच्या वाटेत आला का, या दोन्ही गोष्टी इथूनच दिसतात. बॅटर दुसऱ्या बेसकडे निघाला तर पंचाने आतून, त्याच्या थोडे पुढे राहून त्याच दिशेने जावे. धावपटू बाहेरून मोठे वळण घेत असतो आणि पंच आतून छोटा मार्ग कापत असतो, त्यामुळे वयाने आणि वजनाने पुढे गेलेला पंचही विशीतल्या धावपटूच्या आधी पोहोचू शकतो. हा या सगळ्या रचनेतला मला सर्वांत देखणा भाग वाटतो. बॅटर तिसऱ्या बेसकडे गेला तर तोही निर्णय बेस अंपायरचाच. प्लेट अंपायर होम प्लेटकडे परतलेला असतो.

धावपटू बेसवर असताना: बी आणि सी जागा

बेसवर धावपटू आला की पंच इनफिल्डच्या आत येतो. फक्त पहिल्या बेसवर धावपटू असेल तर बी जागा घ्यावी. माऊंडची मागची कड आणि दुसऱ्या बेसजवळची मातीची कड यांच्या साधारण मध्ये, पहिल्या बेसच्या बाजूला ही जागा येते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर धावपटू असेल तर तशीच पण तिसऱ्या बेसच्या बाजूची सी जागा घ्यावी. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर एकाच वेळी धावपटू असताना कुठे बी तर कुठे सी अशी पद्धत आढळते. आपल्या संघटनेत काय चालते ते विचारून घ्यावे. दोन्ही जागांवर छाती होम प्लेटकडे असावी, आणि दुसऱ्या बेसमनला किंवा शॉर्टस्टॉपला बॅटर दिसत नसेल तर पंचाने विनातक्रार फूटभर सरकावे. आत असताना फेअर-फाउलचा निर्णय पूर्णपणे प्लेट अंपायरकडे जातो.

बी जागेवरून पहिला बेस ६० फुटांच्या आसपास दूर असतो. पिचरने पहिल्या बेसकडे पिकऑफची, म्हणजे बेस सोडून पुढे आलेल्या धावपटूला बाद करण्यासाठीची, फेक केली तर तिथे धावत पोहोचणे अशक्य असते, त्यामुळे पंचाने होम प्लेट आणि पहिला बेस यांच्या मध्यावर, ४५ फुटांवर जी धावमार्गाची रेषा सुरू होते तिच्या दिशेने एक-दोन पावले टाकावीत. तेवढ्याने अंतर फारसे कमी होत नाही, पण बेसमनच्या ग्लव्हची आणि परत झेपावणाऱ्या धावपटूच्या हाताची मधली फट उघडते. अनेक नवखे पंच इथे सरळ बेसकडे पाऊल टाकतात आणि बेसमनचा पाय किंवा गुडघा नेमका आड येतो.

धावपटू दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून घ्यायला, निघाला तर कॅचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत नजर त्याच्यावर ठेवून दुसऱ्या बेसच्या दिशेने दोन-तीन पावले घ्यावीत आणि चेंडू जवळून गेला की त्याच्यासोबतच वळावे. चेंडूने आपल्याला वळवले पाहिजे, असे म्हणण्याचा अर्थ एवढाच की आधीच बेसकडे तोंड करून बसू नये. फेक वाकडी गेली किंवा पिचरने ती मध्येच अडवली, तर पाठ फिरवलेल्या पंचाला ते कळत नाही. टॅगनंतर लगेच खूण करू नये. ग्लव्ह आपटल्यावर चेंडू निसटला तर ते दिसायला क्षण लागतो.

डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोघांना बाद करणे, ही बी जागेची खरी परीक्षा. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला की त्याच्याकडे तोंड करून दुसऱ्या बेसच्या दिशेने काही पावले टाकावीत आणि तिथला फोर्स आउट पाहावा. क्षेत्ररक्षकाने चेंडू पक्का धरून पुढच्या फेकीसाठी हात उचलला की पहिल्या बेसकडे वळत, सरकता सरकताच पहिली खूण द्यावी, आणि फेक पहिल्या बेसवर पोहोचण्याआधी थांबावे. दुसऱ्या बेसवर बेकायदा घसरून क्षेत्ररक्षकाला आडवे जाण्याचा प्रकार प्लेट अंपायर पुढे येऊन पाहतो, कारण बेस अंपायरचे डोळे तोवर फेकीसोबत निघून गेलेले असतात. पहिल्या निर्णयाच्या वेळी दुसऱ्या बेसच्या फार जवळ गेलेला पंच दुसऱ्या निर्णयासाठी आणखी लांब पडतो, म्हणून इथे दोन्ही बेसना पुरेल अशी मधली जागा घ्यावी.

आत असताना आउटफिल्डच्या झेलांची वाटणी इंग्रजी व्ही अक्षरासारखी होते. डाव्या आणि उजव्या फिल्डरच्या मधले सगळे चेंडू बेस अंपायर आतूनच पाहतो. ते दोघे आपापल्या फाउल लाइनकडे धावत असतील तर तो चेंडू प्लेट अंपायरचा. झेलानंतर धावपटूने बेस सोडण्याची घाई केली का, हे पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर बेस अंपायरने पाहावे, तिसऱ्यावर प्लेट अंपायरने.

फक्त पहिल्या बेसवर धावपटू असताना आउटफिल्डमध्ये फटका गेला आणि धावपटू थेट तिसऱ्या बेसकडे निघाला, तर तिथे प्लेट अंपायर जातो. बेस अंपायरने मग तिसऱ्याकडे धावू नये. दुसऱ्या बेसला पाय लागला का ते पाहून, बॅटरने पहिल्या बेसला स्पर्श केला का ते पाहून, पहिल्या आणि दुसऱ्या बेसमध्ये तयार राहावे. प्लेट अंपायर ‘तिसरा माझा’ असे ओरडेल. धावपटू तिसरा बेस ओलांडून होमकडे निघाला तर तो ‘मी होमला’ असे सांगून परत फिरेल, आणि मग बॅटरसाठी तिसरा बेस पुन्हा बेस अंपायरकडे येतो. दोघेही एकाच बेसकडे धावले किंवा दोघेही कुठेच गेले नाहीत, हा प्रकार माझ्या बाबतीतही घडला आहे, आणि त्या दिवशी प्रशिक्षकांनी जे ऐकवले ते त्यांच्या जागी रास्तच होते. डावाच्या सुरुवातीला जोडीदाराशी एक मिनिट बोलून घेतले असते तर ते टळले असते.

साठ फुटी मैदानावर

अमेरिकेत १९३९ मध्ये विल्यम्सपोर्ट येथे सुरू झालेल्या लिटल लीगच्या मुख्य वयोगटात बेस ६० फुटांवर आणि पिचरची फळी ४६ फुटांवर असते. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोहोचण्याआधी धावपटूला बेस सोडता येत नाही. त्यामुळे पिकऑफची काळजी जवळजवळ संपते, आणि आत उभा राहिलेला पंच छोट्या इनफिल्डमध्ये चेंडूच्या आणि मुलांच्या वाटेतच येतो. म्हणून बेस अंपायर धावपटू असतानाही क्षेत्ररक्षकांच्या मागे, इनफिल्डच्या बाहेर राहतो. चेंडू इनफिल्डमध्ये असेल तर पंच बाहेरच थांबून कोन साधतो. चेंडू आउटफिल्डकडे गेला की तो आत येतो. हा एक नियम पाठ झाला की लहान मैदानाचे बरेच काम भागते. इथे खेळाडूंची अचूकता कमी असते, म्हणजे वाकड्या फेकी, सुटलेले चेंडू आणि चुकून वाटेत आलेले क्षेत्ररक्षक जास्त असतात. पंचाने त्यामुळे मोठ्यांच्या सामन्यापेक्षा अधिक वेळ चेंडूवर नजर ठेवावी.

सराव कसा करावा

सराव रिकाम्या मैदानावरही होतो. चार बेस ठेवून ए जागेवरून पहिल्या बेसच्या आतल्या बाजूची फिरकी सावकाश चालत करावी, मग अर्ध्या वेगाने, मग पळत. दर वेळी वळताना आउटफिल्डचा कोणता खांब किंवा झाड नजरेत होते ते मनात म्हणावे, म्हणजे पाठ फिरली की लगेच कळते. दोन मित्र मिळाले तर एकाला शॉर्टस्टॉपच्या जागेवरून दुसऱ्याकडे फेकायला सांगावे आणि आपण काटकोनाची जागा घेऊन डोळे बेसवर ठेवून फक्त ग्लव्हचा आवाज ऐकावा. नंतर त्याच मित्राला चार फुटांवरून हळूच चेंडू टाकायला सांगून तोच प्रयोग करावा. आवाज येत नाही हे एकदा स्वतः अनुभवले, की पिचर बेसवर येत असताना नजर आपोआप ग्लव्हकडे आणि पायाकडे, दोन्हीकडे जाऊ लागते.